आईनं नेऊन दिलेली वही

दहावीची मुलं रस्त्यात दिसायला लागली की मला त्यांच्याआधी माझी आई आठवते. हातात परीक्षेचं पॅड, पारदर्शक पाऊचमध्ये दोन-तीन पेनं, बसस्टॉपवर उभ्याउभ्या ओठ हलवत चाललेली उजळणी. डोक्यावर पानं गाळून नुसती गुलाबी झालेली झाडं. त्या झाडांचं नाव मला अजून नीट घेता येत नाही, पण ती फुलली की बंगळूरची थंडी संपली आणि परीक्षा आल्या, एवढं आमच्या शहरातल्या लहान पोरालाही कळतं. काल जे. पी. नगरच्या सिग्नलला माझी ऑटो थांबली, तर शेजारच्या स्कूटरवर मागे बसलेली एक मुलगी वडिलांच्या पाठीवर वही टेकवून काहीतरी सोडवत होती. सिग्नल सुटला, स्कूटर निघाली, तिचं पेन काही थांबलं नाही. मला एकदम भरून आलं. रडू नव्हतं ते. अभिमानानं छाती भरून येते ना, तसं.

माझ्या दहावीच्या मोसमात आईनं जे केलं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. ऑफिसात डबे उघडले की प्रत्येक जण आपापल्या आईच्या हातच्या चवीबद्दल बोलतो. मीही बोलते. खरं तर मला हे सांगायचं असतं.

तेव्हा आम्ही बनशंकरीत राहायचो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि वर गच्ची. आमचं घराणं या शहरात इतकं मुरलेलं की मूळ गाव कुठलं असं कुणी विचारलं तर अण्णा, म्हणजे माझे वडील, "बसवनगुडी", म्हणजे शेजारचाच भाग, असं सांगून मोकळे व्हायचे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण झालं की दोन्ही. अण्णा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करायचे. सकाळी दोन बस बदलून जायचे आणि संध्याकाळी परतले की शर्टाला तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. आई माझ्याच शाळेत गणित शिकवायची. शाळेत ती सुमन मिस आणि घरी आई. ही अदलाबदल अगदी शाळेच्या फाटकावर व्हायची. फाटकाच्या आत मी तिला एकदाही आई म्हटलं नाही. तिनं म्हणूच दिलं नाही.

संध्याकाळी आमच्या गच्चीवर दहावीतल्या कच्च्या मुलांचा वर्ग भरायचा. अकरा मुलं, दोन चटया, एक पाय मोडलेला फळा. आई त्यांना फुकट शिकवायची, आणि त्यांनी मागितलं नाही तरी पुन्हा शिकवायची. खडूची धूळ, खालच्या घरातून वर येणारा कॉफीचा वास, मुलांनी खिशातून चोरून आणलेल्या तोतापुरीच्या तिखट-मीठ लावलेल्या फोडी. आजही कच्च्या कैरीची गाडी दिसली की मला भूमिती आठवते.

फेब्रुवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. गणिताचा पेपर आईनं काढला होता. शेवटचं गणित वर्तुळांचं होतं. एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं आणि दोघांना स्पर्श करून जाणारी एक रेघ. अख्ख्या वर्गात ते फक्त मला सुटलं. मला शंभरात शहाण्णव मिळाले आणि हर्षिताला अठ्ठ्याऐंशी. हर्षिता माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. पहिलीपासून तिनं पहिला नंबर कधी सोडला नव्हता.

तिच्या आईला आम्ही शैलजा आंटी म्हणायचो. पालकांच्या सभेत त्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पेपर काढणारी मिस आणि पहिली आलेली मुलगी एकाच घरात राहतात. आम्ही काय समजायचं?"

सभेत कुजबुज झाली. आई उठली. "मी पेपर दाखवलेला नाही," एवढं म्हणाली आणि खाली बसली.

संध्याकाळी घरी हे सगळं ऐकून अण्णा संतापले. "एवढंच? अख्ख्या सभेत एवढंच बोललीस?"

"एवढंच खरं होतं," आई म्हणाली.

"मग मी जातो उद्या. त्या बाईच्या घरासमोर उभा राहून विचारतो, पुरावा काय तुमच्याकडे?"

पुरावा हा शब्द ऐकला आणि मी कपाटाकडे बघितलं. कारण पुरावा आमच्याच घरात होता. कपाटात आईचं एक जुनं पुस्तक होतं, कव्हर गेलेलं, नुसत्या अवघड गणितांचं. संक्रांतीच्या सुट्टीत मी ते काढून हौसेनं एकेक गणित सोडवत बसले होते. वर्तुळांचं ते गणित त्यात होतं. आकडेसुद्धा तेच. परीक्षेत बघितल्याबरोबर मी ओळखलं होतं, आणि मनातल्या मनात खूश झाले होते, बस्स. मी वही आणली आणि आईसमोर उघडली. पानावर माझ्या अक्षरात तारीख होती, परीक्षेच्या आधीची. पानावर तारीख घालायची सवय आईनंच लावलेली.

आई त्या पानाकडे खूप वेळ बघत राहिली. मग हळू म्हणाली, "मी हे याच पुस्तकातून घेतलं होतं. तू सोडवलंयस हे मला माहीत नव्हतं, वंदू."

अण्णांना सगळं कळायला एक क्षण लागला. "पान फाड," ते मला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता फाड. हे त्या बाईच्या हाती लागलं तर आईची नोकरी जाईल."

मी पान चिमटीत धरलंसुद्धा.

"स्वल्प थांब," आई कन्नडातलं 'थोडं' मिसळून म्हणाली. वही तिनं माझ्या हातून काढून घेतली आणि मांडीवर ठेवली. "ही मी उद्या हेडमास्तरांना नेऊन देणार."

"तुला वेड लागलंय का?"

"मी पेपर दाखवला नाही हे खरं. पण गणित हिनं आधीच सोडवलेलं होतं, हेही खरंच आहे. अर्धं खरं सांगायचं आणि देवाला म्हणायचं की तू माझ्या बाजूनं उभा राहा, हे कसं चालेल?"

"देव काय शाळेत येणार आहे साक्ष द्यायला?"

आई वही मिटत म्हणाली, "अहो, पान फाडलं तर इथून पुढं आपली बाजू आपल्यालाच सांभाळावी लागेल. आज हे लपवा, उद्या ते लपवा. मला तेवढी ताकद नाही. त्याच्यावर सोपवायचं तर सगळं सोपवू. चांगलं दिसणारं तेवढंच कसं सोपवायचं?"

अण्णा गच्चीवर निघून गेले. मी रडले, भांडले, जेवले नाही. तेव्हा मला वाटायचं की देव म्हणजे आपल्या बाजूचा वकील. आपण हात जोडायचे आणि त्यानं समोरच्याला गप्प करायचं. वकिलाकडे जाताना कुणी आपल्या विरुद्धचा कागद घेऊन जातं का? पंधरा वर्षांच्या मुलीला हे कळण्यासारखं नव्हतं. चाळिशीकडे झुकताना कुठं थोडं कळायला लागलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला बरोबर घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेली. वही माझी होती, म्हणून मी हवीच असं तिचं म्हणणं. हेडमास्तर सज्जन होते, पण तक्रारींना फार घाबरायचे. आईनं वही त्यांच्यापुढं उघडून ठेवली आणि कन्नडमध्ये सरळ सांगितलं, "सर, हे गणित हिनं परीक्षेआधी घरच्या पुस्तकातून सोडवलेलं आहे. मला माहीत नव्हतं. पेपर मी दाखवलेला नाही. पण घरातल्या पुस्तकातून गणित घेतलं ही माझी चूक. ती मान्य आहे. दुसरी मी केलेली नाही."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मिस, तुम्ही हे आणलं नसतं तर मी तक्रार मिटवून टाकणार होतो."

"माहीत होतं सर."

"आता मला काहीतरी करावं लागेल."

"सरी, सर," आई म्हणाली. 'ठीक आहे' एवढंच, एका शब्दाचं कन्नड, भाजीवाल्याला म्हणतात तसं. आवाज चढला नाही, पडलाही नाही. मी तिच्या शेजारी उभी होते. मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्याकडे बघितलंच नाही. आज वाटतं, बघायला हवं होतं. तो तेव्हाचा चेहरा परत बघायला मिळायचा नाही.

दहावीचा वर्ग त्याच दिवशी तिच्याकडून गेला. तिला पाचवी दिली. ऐन परीक्षेच्या तोंडावर, जी मुलं तिनं वर्षभर घडवली ती दुसऱ्याच्या हाती गेली. मला हेडमास्तरांच्या खोलीत एकटीला बसवून दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी काढलेला पेपर सोडवायला लावला. मला सत्त्याऐंशी मिळाले. पंच्याण्णव पडले असते तर लोक म्हणाले असते, बघा, मुलगी हुशारच आहे. साठ पडले असते तर म्हणाले असते, बघा, आम्ही सांगत होतो. सत्त्याऐंशीवर ज्याला जे हवं ते म्हणता आलं. आईनं पेपर पाहिला आणि म्हणाली, "तिसऱ्या गणितात चिन्ह चुकवलंस."

गच्चीवरच्या अकरा मुलांपैकी चार उरली. बाकीच्यांच्या घरून निरोपही आला नाही. आई मात्र रोज दोन्ही चटया अंथरायची. चौघांना एक पुरली असती. मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाली, "येतील त्यांना बसायला जागा नको का?" कुणी आलं नाही. ती अंथरत राहिली.

रविवारी संध्याकाळी राहुकाळात ती बनशंकरीच्या देवळात जायची. तिथं बायका लिंबं कापतात, रस पिळून टाकतात, साल उलटी करून तिची वाटी करतात, त्यात तूप आणि वात घालून दिवा लावतात. आवारभर लिंबाचा आंबट-जळका वास. शेकडो इवल्या ज्योती. त्या मोसमात मीही तिच्याबरोबर जायची, कारण मला देवीकडून काहीतरी हवं होतं. शैलजा आंटी सगळ्यांसमोर खोट्या पडाव्यात, एवढं. एकदा येताना मी आईला विचारलं, "तू काय मागतेस?"

"तोंडातून वाईट शब्द जाऊ देऊ नकोस म्हणते."

"एवढंच?"

"तेवढंच फार अवघड आहे, वंदू. तू बघतेस ना माझ्याकडे स्टाफरूममध्ये कसं बघतात ते."

मला नाही जमलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शाळेबाहेर कैरीच्या गाडीपाशी हर्षिता भेटली. तिनं बिचारीनं मला अर्धी फोड देऊ केली. मी म्हटलं, "तुझी आई खोटारडी आहे. तुला नंबर मिळाला नाही म्हणून जळते." हर्षिता तिथंच रस्त्यात रडायला लागली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

आईच्या कानावर ते संध्याकाळपर्यंत गेलं. तिनं गॅस बंद केला, चप्पल घातली, मला म्हणाली, "चल." शैलजा आंटींचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. बेल वाजवली. आंटींनी दार उघडलं आणि आईला पाहून त्यांचा चेहरा एकदम ताठ झाला. त्या भांडणाच्या तयारीनं उभ्या राहिल्या. एक हात दारावर, हनुवटी वर.

"वंदना हर्षिताला वाईट बोलली," आई म्हणाली. "माफी मागायला आणलंय हिला."

मी दात आवळून माफी मागितली. हर्षिता आतल्या खोलीच्या पडद्याआड उभी होती. आई म्हणाली, "हर्षिता, वर्तुळांच्या धड्यात काही अडलं तर गच्चीवर ये. परीक्षा जवळ आली." मग आंटींना, "येते अक्का." आणि आम्ही जिना उतरलो. अक्का म्हणाली ती त्यांना, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. आम्ही खाली पोचलो तरी वरचं दार लागल्याचा आवाज आला नव्हता.

हर्षिता आली नाही. आंटींनी कधी माफीही मागितली नाही. हे असं सांगितलं की लोकांना थोडं अपुरं वाटतं, मला माहीत आहे. पण झालं ते असं.

बोर्डाच्या परीक्षेत मला गणितात त्र्याण्णव मिळाले, हर्षिताला सत्त्याण्णव. अण्णा म्हणाले, आता तरी लोकांची तोंडं बंद होतील. आई म्हणाली, निकालानं काही सिद्ध होत नसतं, आणि हर्षिताचे पेढे खाऊन आली. बोलावलं नव्हतं. शाळेत वाटले तिथंच एक घेतला.

पुढचं अख्खं वर्ष तिनं पाचवीला शिकवलं. मला वाटलं होतं ती कशीतरी वेळ काढेल. तिनं रंगीत कागदाच्या पट्ट्या कापल्या, डोशाचे आठ भाग करून अपूर्णांक शिकवले, आणि दहा वर्षांची पोरं घरी जाऊन आयांना "मला तीन अष्टमांश डोसा दे" म्हणायला लागली. शिक्षा म्हणून दिलेला वर्ग तिनं असा शिकवला की तिला शिक्षा झालीय हे त्या मुलांना कधी कळलंच नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी हेडमास्तर स्वतः आमचा जिना चढून वर आले. धाप लागली होती. म्हणाले, "मिस, यंदा दहावीचा पेपर तुम्ही काढायचा. आणि वर्गही परत तुमच्याकडे."

आईनं विचारलं, "का सर?"

"मागच्या वर्षापासून मी पेपर काढणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, तुमचं नात्यातलं कुणी परीक्षेला आहे का. सगळे नाही म्हणतात. दोघांचं होतं, मला मागाहून कळलं. तुम्हाला तर मी विचारलंही नव्हतं."

आईनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "पेपर काढते सर. फक्त पाचवीचे अपूर्णांक संपेपर्यंत तो वर्ग काढू नका माझ्याकडून." हेडमास्तर हसले. पालकांच्या सभेत त्यांनी हे सगळं जाहीर सांगितलं म्हणे. शैलजा आंटी तिथं नव्हत्या. त्यांची मुलगी शाळेतून बाहेर पडली होती.

पण माझ्या मनात या मोसमाचं खरं मोल वेगळ्याच ठिकाणी आहे. माझ्या दहावीच्याच उन्हाळ्यात अण्णा एक दिवस उशिरा आले. हातपाय धुतले, कॉफीही मागितली नाही, खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या मशीनवर मापात चुकलेला माल निघाला होता, पेटीभर. चूक कुठल्या पाळीत झाली हे कुणाला कळण्यासारखं नव्हतं आणि दुसऱ्या पाळीचा माणूस रजेवर होता. सुपरवायझरनं त्याचंच नाव घेऊन आरडाओरडा सुरू केला होता. "मी पुढं झालो," अण्णा आईला म्हणाले, "आणि सांगितलं, मशीनला कापायचं हत्यार मी लावलं होतं, चूक माझी. मग तो माझ्यावर ओरडला, सगळ्यांसमोर. मी उभा राहिलो. उलट बोललो नाही." थोडं थांबून म्हणाले, "मी! उलट बोललो नाही!"

शैलजा आंटींच्या घरासमोर उभं राहून भांडायला निघालेला हाच माणूस. आईनं जाऊन कॉफी केली, आणि नेहमीच्या स्टीलच्या लोट्याऐवजी पाहुण्यांच्या कपात आणून दिली.

आता मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काही बिघडलं की आमच्याकडे आधी मेल लिहिले जातात, प्रत्येक जण स्वतःभोवती तटबंदी उभारतो. मीही उभारते. पण कधीकधी तीन परिच्छेद लिहून झाल्यावर सगळं पुसून टाकते आणि एक ओळ लिहिते, हे तपासायचं माझ्याकडून राहिलं. भीतभीतच पाठवायचं बटण दाबते. तेवढ्यापुरती का होईना, मी सुमन मिसची मुलगी असते.

परवाच्या रविवारी मी आईकडे गेले होते. ती आता पंचाहत्तरीला आली. मोसमातले शेवटचे पावटे घेऊन सोलत बसली होती. मी तिच्याबरोबर सोलायला बसले आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "वही घेऊन निघालीस तेव्हा तुला भीती नाही वाटली?"

ती हसली. "शाळेच्या भिंतीपाशी तुला बुटाची लेस बांधायला लावली होती मी. दोनदा. आठवतं?"

"हो. घट्ट बांध म्हणालीस."

"लेस सुटलेली नव्हती तुझी. माझे पाय लटपटत होते. तू खाली वाकलीस की मला भिंतीला टेकता यायचं."

मी सोलायची थांबले. "मग मला वाटलं तुझा देवावर इतका विश्वास आहे की..."

"भीती नसती तर देव कशाला लागला असता?" आई म्हणाली. "एकटीच गेले असते की."